लोणच्यात घातलेलं पाणी

…नाही, पण मी म्हणतो, पाणीच घातलं ना? आणि तेही उकळून, गाळून, गार करून! पण आमच्या शालूबाई, भांडी घासायला येतात त्या, बरणीत डोकावल्या आणि असा चेहरा केला, की जणू मी गावच्या विहिरीत काही कालवलं! "आवं मास्तर, लोनच्यात पानी? आनि पोरांस्नी काय शिकिवता वो तुमी?" काय शिकवतो? अहो, हेच शिकवतो! सांगलीत बावीस वर्षं हेच! आणि मी शास्त्राचा मास्तर!

तुम्हाला सांगतो, माझा हातखंडा धडा आहे तो. बटाट्याला खळगा पाडायचा, त्यात मीठ भरायचं, घटकाभरात खळग्यात पाणी. का? तर पेशीच्या आवरणातून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. मनुका पाण्यात टाका, टम्म फुगते. तीच दाट पाकात टाका, आक्रसते. एकदा मोठ्या हौसेनं हे पद्माला, म्हणजे आमच्या मंडळींना ऐकवलं. ती कैरीच्या फोडींना मीठ चोळत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कैरीला पाणी सुटतं, असंच ना? मग एवढं लांबण कशाला?" …संपला धडा!

तर ही तिचीच बरणी. महायुद्ध संपलं त्या साली, ज्येष्ठात भरलेली. कार्तिकात ती गेली… ते असो. बरणीच्या तोंडावरचा फडक्याचा दादरा तिनंच बांधलेला, तशी गाठ मला अजून जमत नाही. मी ठरवलं, रोज एकच फोड. आता एक कसली, कधी दोन, कधी भातावर नुसता खार… जेवताना घरात दुसरं होतं कोण? आणि चैत्रात फलटणहून चारूचं, आमच्या लेकीचं पत्र. सातवा महिना. "बाबा, बाळंतपणाला येते आहे. तोंडाला चव नाही. आईच्या लोणच्याची एक फोड तरी माझ्यासाठी ठेवा."

बरणी उघडली. नऊ फोडी! तळाशी बोटभर खार! अहो, आईच्या लोणच्यावर लेकीचा हक्क नाही का? आणि बापानं एकट्यानं बसून संपवलं, तिची आठवणही झाली नाही! तिला काय सांगू, उंदरांनी खाल्लं? मग डोकं चाललं. खार वाढवला, तर बरणी तेवढी रिकामी दिसणार नाही. ओतलं भांडंभर पाणी! खरं सांगू? ते पाणी लोणच्यासाठी नव्हतंच, माझी लाज बुडवायला होतं. आणि मी शास्त्राचा मास्तर!

आठव्या दिवशी दादरा सोडतो तो काय, वर पांढरी लव! बुरशी! आणि तिथेच, उभ्याउभ्या, मला माझाच धडा आठवला. दाट खारात बुरशी पडली, तर खार तिच्याच पेशीतलं पाणी ओढून घेतो, ती सुकून मरते, म्हणून तर लोणचं वर्षभर टिकतं. मी खार पातळ केला… म्हणजे बुरशीला पाट मांडून पंगतीला बसवलं की हो! शालूबाई म्हणतात, "बाई वल्ला चमचा बी लावू देत न्हवत्या, आनि तुमी भांडंच वतलंसा व्हय?"

चारू आली. खोटं बोलणार होतो, उंदीर अगदी तयार होता… पण तिनं पाय धुतले आणि पहिली बरणीच मागितली. सांगून टाकलं सगळं, किती फोडी खाल्ल्या तेसुद्धा. तिनं बरणी जवळ ओढली. बरणीला नाक लावून बसली जराशी. मग म्हणाली, "शालूबाई, बाजारातून कैऱ्या आणाल?"

फोडी झाल्या आणि मला विचारते, "बाबा, मीठ किती?"

मला काय ठाऊक! बावीस वर्षं पाणी कुठून कुठं जातं ते सांगितलं, पण पद्माची मूठ केवढी होती, ते कधी बघितलंच नाही हो! आणि मी शास्त्राचा मास्तर! शेवटी शालूबाईच म्हणाल्या, "बाई मूठ भरून घालायच्या, आनि मग म्हनायच्या, अजून वाईच."

चारूनं तसंच घातलं. मूठभर, आणि वर अजून थोडं. सकाळी फोडींना पाणी सुटलं होतं. मलाही कामाला लावलंय तिनं. चमचा कोरडा पुसून द्यायचा, बस्स. मी पुसतो, उजेडात धरून बघतो, पुन्हा पुसतो, देतो. ती घेते… आणि पदरानं परत एकदा पुसते.