पोरीची पाळी

मंडळी, नमस्कार. राजपुऱ्यातून, शनवाऱ्यातून, पार असीरगढपासून तुम्ही आलात. मागे काही लोक उभे आहेत, त्यांनी पुढे सतरंजीवर बसावं.

मला बोलायची सवय नाही. मी महाजन, या शाळेत गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये इंग्रजीच्या सुनंदा पाटील मॅडमांच्या शेजारच्या खुर्चीवर मी चौदा वर्षं बसलो. त्या बोलायच्या, मी ऐकायचो. आता त्यांची खुर्ची रिकामी आहे, म्हणून मला उभं राहावं लागतंय. कागदावर लिहून आणलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

पण मी रडायला उभा नाही. मॅडम एक लढाई जिंकल्या होत्या. ती कशी, हे पूर्ण मलाच माहीत आहे, कारण सुरुवातीला मी चुकीच्या बाजूला होतो.

शाळेत टॅबलेट आले, तेव्हाची गोष्ट. इंग्रजीच्या डिजिटल पाठांचा एक संच पसंत करायचा होता. आजूबाजूच्या शाळांतही तोच जाणार होता. तपासायला मॅडम होत्या, आणि कॉम्प्युटर येतो म्हणून मी. एक फॉर्म होता. चित्रं कशी, आवाज कसा, उच्चार कसे. मी कॉम्प्युटर रूममध्ये हेडफोन लावून बसलो. पाठात एक रंगीत पोपट होता, फार छान इंग्रजी बोलायचा. मी सगळीकडे ‘उत्तम’ लिहिलं आणि सही केली.

मॅडमनी फॉर्म वाचला. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही पोपटाला मार्क दिले. पोरीला काय आलं, ते कुठं लिहिलं?”

मी म्हटलं, “मॅडम, तसा रकानाच नाही.”

“मग चला, रकाना शोधू.”

आम्ही सहावीतल्या सायराच्या घरी गेलो. एका खोलीत दोन पावरलूम खडखडताहेत, तिथंच चूल, तिथंच दप्तर. आपल्या गावात अशी किती घरं आहेत, तुम्हाला मी काय सांगू? टॅबलेटचा आवाज पूर्ण वाढवला. पोपटाची चोच हलत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. सायराच्या आईनं, नसीम आपांनी, आमच्यासाठी माग बंद केले. पोपटानं विचारलं, “व्हॉट इज युअर नेम?” सायरानं तोंड उघडलं. तेवढ्यात पोपटानंच उत्तर दिलं आणि पुढं गेला. सायरानं तोंड मिटलं. त्या दिवशी परत उघडलंच नाही.

मॅडम उठल्या. “आपा, माग चालू करा. आमच्यापायी काम नको थांबायला.”

बाहेर गल्लीत येऊन म्हणाल्या, “भाऊ, घर चालायचं तर माग चालणारच. मग पाठ मागासोबतच चालला पाहिजे. आणि तो पोपट! अगदी माझ्या सासूबाईंसारखा. आपणच विचारतो, आपणच उत्तर देतो.”

सासूबाई पहिल्या रांगेत आहेत. हसताहेत. हसा आई, त्यांना आवडलं असतं.

संच निवडणाऱ्या समितीच्या बैठकीत मॅडमनी तो नापास केला. समितीचे मोठे साहेब चिडले. “महाजन सरांनी उत्तम दिलंय ना? घरोघरी माग बघत फिरलो तर निवड कधी व्हायची?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की समजायचं, आपली पाळी आली. मी म्हटलं, “साहेब, मला माझी सही खोडायची आहे. मी हेडफोन लावून ऐकलं होतं.” बस, एवढंच. मॅडमनी आपला पेन माझ्याकडे सरकवला.

मग त्यांनी स्वतः पाठ तयार केले. नसीम आपांच्या घरी, चालू मागाशेजारी उभं राहून, साध्या मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड करून. छोटी वाक्यं, मोकळा आवाज. प्रत्येक प्रश्नानंतर मात्र त्या काही वेळ गप्प राहायच्या. कॉम्प्युटरवर ते पाठ नीट करायचं काम माझं. मी म्हटलं, “मॅडम, ही रिकामी जागा कापून टाकतो.”

“हात लावू नका. ती पोरीची पाळी आहे.”

शेवटी साहेब स्वतः त्या खोलीत आले. दोन्ही माग चालू. टॅबलेटमधून मॅडमनी नाव विचारलं आणि थांबल्या. सायरा अशी ओरडली की साहेब दोन पावलं मागं सरकले! “माय नेम इज सायरा!” नसीम आपा म्हणाल्या, “देखो साब, मेरी छोरी तो लूम से भी जोर से बोलती है!”

पोपट परत गेला, मंडळी. मॅडमचे पाठ त्या सगळ्या शाळांत गेले. आणि फॉर्ममध्ये दोन ओळी वाढल्या: ‘मुलाच्या घरी, रोजच्या आवाजात लावून पाहिले का? मूल स्वतः बोलले का?’ त्या ओळी आजही आहेत. मी दर वर्षी भरतो. हेडफोन न लावता.

सायरा आता कॉलेजला जाते. ती बघा, खिडकीपाशी. मघाशी दारात मला म्हणाली, “सर, स्पीक लाउडली.” मी प्रयत्न करतोय, बेटा.

दवाखान्यात मी शेवटचा भेटलो, तेव्हा मॅडमना धाप लागत होती. तरी म्हणाल्या, “भाऊ, आठव्या पाठात पोरीची पाळी छोटी झाली. वाढवा.” काल वाढवली, मॅडम.

आता एक गोष्ट ऐका. बाहेर काही ऐकू येतंय का? शाळेमागचे सगळे माग आज बंद आहेत. मॅडमनी कधी कोणाला माग थांबवायला सांगितलं नाही. आज लोकांनी न सांगता थांबवलेत.

आपण उभं राहू या. दोन मिनिटं गप्प राहू. मॅडम विचारून थांबल्या आहेत. आता पाळी आपली आहे.