पिशव्यांपाशी बसलेली बाई

मंडळी, पुढे या. देवाच्या जवळ बसायला माणसं बिचकतात हे समजतं मला, पण पंख्याच्या जवळ बसायला काय हरकत आहे? या. पेटीवाले, सूर धरा. तबला जागा आहे ना? मग आज एक प्रश्न घेऊ.

दुसऱ्यांना मौज करता यावी म्हणून जो माणूस त्यांच्या पिशव्या सांभाळत बसतो, त्याला पुण्य लागतं. बरोबर? — माना हलल्या. छान. आता पुढचं सांगा. सांभाळणाऱ्याला पुण्य लागतं, तर पिशवी त्याच्या मांडीवर टाकून जो मौज करायला गेला, त्याला काय लागतं?

एकही मान हलेना!

ऐका तर मग. हे आख्यान पुराणातलं नाही. ह्यात राक्षस नाही, ऋषी नाही, कुणी कुणाला शाप देत नाही. ह्यात एक सहल आहे. ग्रीस देशाची. आधी तीन दिवस जमिनीवर, अथेन्स शहरात, आणि मग मोठं जहाज, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेणारं. भवसागर तरून जायला नाम लागतं असं आम्ही सांगतो. हा सागर तरायला व्हिसा लागतो, आणि उलटीची गोळी.

सहलीत कराडच्या प्रमिलाकाकू खटावकर होत्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, डोळे मात्र चिमणीसारखे इकडेतिकडे. सोबत मुलगी हेमांगी. कॉलेजात इतिहास शिकवायची. निघण्याआधी तिने ग्रीसवर इतकं वाचलं होतं, की विमानातून उतरल्यावर तिला तो देश ओळखीचा वाटला, आणि थोडा लहान. लग्न केलं नव्हतं, घर आईचं आणि तिचं. प्रेम होतं का? होतं की. पण आपल्याकडे प्रेम कसं असतं, स्वयंपाकघरातल्या गॅससारखं — आहे हे सगळ्यांना माहीत, बघायला कोण जातंय?

तर जमिनीवरचा शेवटचा दिवस. सकाळी काकूंनी हॉटेलच्या खोलीत घरून आणलेल्या पुडीतून चहा केला. हेमांगीने नेहमीप्रमाणे साखर जास्त झाली म्हणून सांगितलं. काकूंनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. साधा दिवस होता हो. आपण शेवटचे आहोत हे त्या दिवसाला माहीत नव्हतं. दिवसांना तसलं काही कळवत नाहीत.

सकाळभर टेकडीवरची देवळं झाली. देव गेलेले, खांब उभे. शिरगुप्पेकाका म्हणून सांगलीचे एक गृहस्थ होते, त्यांनी चौकशी केली की देवच नाहीत तर तिकीट कशाचं. दुपारी जेवण. आणि मग बस शहराच्या मोठ्या चौकात येऊन थांबली. टूर मॅनेजर निनाद छत्रीला लाल फीत बांधून पुढे चालायचा. तोही आमच्यासारखाच ‘मंडळी’ म्हणायचा. फरक एवढाच, की त्याचं लोक ऐकायचे. बस त्याच्या ताब्यात होती.

निनादने जाहीर केलं, की आता मोकळा वेळ. दोन तास स्वतंत्रपणे काय हवं ते बघा, आणि ह्या कारंज्यापाशी परत या.

मोकळा वेळ! कार्यक्रमपत्रिकेत वाचताना किती गोड वाटतं. आणि प्रत्यक्ष मिळाला की माणूस आधी घड्याळ बघतो. दोन तास, आणि सांगणारं कुणी नाही! शिरगुप्पेकाकांनी विचारलं, ह्यात बघायचं काय? निनाद म्हणाला, तुम्हाला आवडेल ते. काका म्हणाले, ते पत्रिकेत कुठे लिहिलंय? अर्धी मंडळी कारंज्याला पाठ लावून तिथेच बसायच्या बेतात होती. हसू नका. मोक्ष मिळाला तर तुम्हीही दारातच उभे राहून विचाराल, चहा कितीला?

शेवटी धीर करून पांगापांग सुरू झाली. आणि पिशव्या?

पिशव्यांची काळजी कुणालाच नव्हती. कारण बाकड्यावर काकू होत्या. मंडळी, आपल्या प्रत्येक सहलीत अशी एक बाई असते. तिला कुणी ‘बसाल का?’ म्हणून विचारत नाही. विचारतात, “तुम्ही बसताय ना?” उत्तराची वाट न बघता पहिली पिशवी मांडीवर येते. पिशव्यांना कळप आवडतो. पहिलीच्या मागे दुसरी, तिच्यावर कोट, त्याच्यावर कुणाची तरी पाण्याची बाटली. काकू हे काम लग्न झाल्यापासून करत होत्या. महाबळेश्वरला सगळं घर होडीत, काकू काठावर स्वेटर घेऊन. गणपतीपुळ्याला सगळं घर लाटांत, काकू वाळूत सगळ्यांची घड्याळं ओच्यात घेऊन. त्यांनी जेवढं जग पाहिलं, ते बाकड्यावरून दिसतं तेवढं.

त्या दिवशी मात्र काकूंनी हेमांगीची बाही धरली.

“मी पण जाऊन येऊ का गं?”

“कुठे?”

“कुठे असं नाही.”

हेमांगी म्हणाली, “आई, ‘कुठे असं नाही’ म्हणून परदेशात जात नाहीत. चुकशील. मला ते संग्रहालय बघायचंय, पुन्हा कधी येणं होणार आहे?”

“मग तू बसतेस का जरा? मी येते लगेच.”

ऐकलंत? इतकंच मागणं होतं. दागिना नाही, तीर्थयात्रा नाही. तू जरा बस. हेमांगीने काय केलं? उद्यापासून जहाजावर हवं तेवढं फिर म्हणून सांगितलं, स्वतःची पिशवी आईच्या मांडीवर ठेवली, आणि गेली. वाईट मुलगी नव्हती ती. तुमच्याआमच्याइतकीच बरी होती.

आता काकूंची युक्ती बघा. थोड्या वेळाने निनाद तिकडून चालला होता. काकू म्हणाल्या, दमलास बाबा, बस. टूर मॅनेजरला ‘बस’ म्हणणारं माणूस त्याला इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं. भारावून बसला. तो बसला आणि काकू उठल्या. सगळ्या पिशव्या त्याच्या पुढ्यात सरकवल्या आणि म्हणाल्या, मोकळा वेळ तूच दिलास ना? मग मलाही दे. तो तोंड उघडेपर्यंत त्या रस्ता ओलांडून पलीकडे! सिग्नल लाल होता की हिरवा, ते त्या देशाच्या पोलिसांना माहीत.

दोन तास संपले. हेमांगी परत आली, तर आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसावं तसा पिशव्या मांडून निनाद बसलेला. आई नाही. सगळी मंडळी आली, आई नाही. ड्रायव्हर आला, आई नाही. निनादने चौकाला फेऱ्या मारल्या. शिरगुप्पेकाका जेवणाची आठवण करून देत होते, तिकडे भारतीय हॉटेलात पुऱ्या तळून ठेवल्या होत्या आणि पुरी कुणासाठी थांबत नाही. हेमांगीने मनातल्या मनात किती देवांना हाका मारल्या! एरवी ती देवांकडे इतिहास म्हणून बघायची.

आणि अर्ध्यापाऊण तासाने काकू आल्या. कडू संत्र्यांच्या झाडांखालून, रमत, दोन्ही हात लहान मुलीसारखे पुढेमागे हलवत.

मंडळी, भीती गेली की तिच्या जागी लगेच काय येतं? आनंद यायला हवा. येतो राग! मेळ्यात हरवलेलं पोर सापडलं की आई आधी एक धपाटा घालते. इथे पोरीची पाळी होती.

बसमध्ये नियम होता, उशिरा येणाऱ्याने माइकवर गाणं म्हणायचं. पुढून आरडाओरडा सुरू झाला, काकूंना माइक द्या. काकूंनी माइक हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

“गाणं येत नाही मला. कुठे गेले होते ते सांगते. कुठेच नाही. नुसती चालले. चालता चालता लक्षात आलं, हातात काही नाही. भाजी नाही, डबा नाही, कुणाचं बोट नाही. म्हटलं, बघू तरी हात मोकळे सोडून किती लांब जाता येतं. तर बरंच लांब जाता आलं. म्हणून उशीर झाला.”

आणि हेमांगी उठली, आईच्या हातातून माइक घेतला.

“आईच्या वतीने मी सगळ्यांची माफी मागते. वयामुळे तिला आता कळत नाही.”

काकूंनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. “कळतं गं. म्हणून तर गेले.”

बस खदखदून हसली. हेमांगी तेवढी हसली नाही.

खोलीवर आल्यावर काकूंनी जहाजावर न्यायच्या साड्या काढून ठेवल्या. हेमांगी बोलत नव्हती. शिकलेल्या माणसांचा अबोला फार नीटनेटका असतो, त्यात चूक काढता येत नाही. काकू पलंगावर पाय लांब करून म्हणाल्या, “पाय काय छान दुखतायत गं.” हेमांगी म्हणाली, “झोप.” आणि दिवा घालवला.

सकाळी सगळ्यांच्या बॅगा दाराबाहेर आल्या. जहाज दुपारचं होतं. हेमांगीने चहा केला, साखर कमी घातली, आणि आईला हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली.

तबला थांबू द्या थोडा.

डॉक्टर आले. म्हणाले, झोपेतच, हृदय. निनाद खोलीच्या दारात उभा राहून रडला. शिरगुप्पेकाका म्हणाले, मी जहाजावर जात नाही, मी पोरीजवळ बसतो. हेमांगीने हात जोडून सगळ्यांना पाठवलं. काकांनी जाताना चिवड्याचा डबा तिच्या हातात दिला आणि इतकंच म्हणाले, की काल ते उगाच पुऱ्या पुऱ्या करत होते. जहाज गेलं. जहाजं जातातच.

हेमांगी मागे राहिली. आईला घरी न्यायचं तर कागद हवे, कागदांवर शिक्के हवे, आणि शिक्केवाल्यांना सुट्ट्या हव्या. थांबा म्हणाले. म्हणजे बघा, सबंध सहलीत मिळाला नव्हता एवढा मोकळा वेळ! संग्रहालयं सगळी उघडी होती. ती एकाही संग्रहालयात गेली नाही. दोन दिवस खोलीत दुसऱ्या पलंगाकडे पाठ करून बसली. मग बसवेना, तेव्हा उठून त्या चौकात गेली आणि वाट फुटेल तिकडे चालली. आई कुठल्या गल्लीत वळली असेल? कुणाला ठाऊक. आईने माइकवर तरी सांगितलं असतं आणखी थोडं. पण माइक कुणी काढून घेतला होता?

संध्याकाळी दमून ती कारंज्यापाशी आली. बाकड्यावर त्याच गावातली एक म्हातारी बसलेली. काळा झगा, जाड मोजे. मांडीवर पिशव्या, पायाशी पिशव्या, शेजारी रिकामी बाबागाडी. घरचे सगळे खरेदीला पांगलेले दिसत होते. चौकाच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस अकॉर्डियन वाजवत होता, भोवती गर्दी जमली होती. आणि ही म्हातारी मान उंच करकरून तिकडे बघत होती. पिशव्यांखाली तिचा एक पाय ताल धरत होता.

हेमांगी तिच्यासमोर उभी राहिली आणि तिने त्या पिशव्या ओढून आपल्याकडे घेतल्या. म्हातारी दचकली. दचकणारच! परदेशी बाई पिशव्या ओढते म्हणजे उघड उघड चोर. पण हेमांगी तिला काहीतरी म्हणाली. मराठीत. म्हातारीने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं, झगा झटकला, आणि निघाली की अकॉर्डियनच्या दिशेने! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

काय म्हणाली हेमांगी?

सांगतो. पण थांबा. आधी तुम्ही मला सांगा, तुम्ही सगळे आत बसून माना डोलावताय, तर बाहेर चपलांपाशी कोण बसलंय? येताना पाहिलं मी. हिरवं लुगडं, मांडीवर तीन पिशव्या, आणि कान इकडे. कुणाची आई आहे ती?

कुणाचीच नाही? ती आभाळातून पडली, आणि चपला तेवढ्या तुमच्या?

हां, खांबामागचे निळा शर्टवाले. उठा. लाजू नका, देव काही बोलणार नाही, बोलले तर शेजारी बोलतील. जा बाहेर आणि तिच्या जागेवर बसा. चपला चोरीला गेल्या तर माझ्या घेऊन जा, त्यांनाही आज मोकळं सोडू. — येत नाही म्हणते? सवय नाही हो तिला. पिशव्या काढून घ्या आधी, मग उठेल. — उठली?

या मावशी. या, इथे पुढे बसा. हात कुठे ठेवू म्हणून बघू नका, नुसते राहू द्या. आख्यान संपत आलंय, पण शेवट तुमच्यासाठी राखून ठेवलाय. परक्या गावात एक मुलगी, परक्या बाईच्या पिशव्या मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली, आणि कराडच्या घरात बोलावं तशी, भर चौकात, मोठ्याने म्हणाली —

“आई, तू जाऊन ये. कुठे असं काही नको, नुसती जा. मी बसते.”