पैलवानाचं पाणी पंचवीसच पाहिजे

...आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या दारासमोर, स्वतःच्या बंद गाडीत, कानाला मफलर गुंडाळून बसलेला माणूस म्हणजे काय लगेच बायकोने घराबाहेर काढलेला माणूस असतो का? येणारा-जाणारा काचेवर टकटक करतो! 'काय हो, घरी सगळं ठीक ना?' ठीक आहे! झकास आहे! पण तुम्हाला सांगतो, थंडीने मासा मरत नाही हो, चढउताराने मरतो!

कुठला मासा? सांगतो ना... मासा लेकीचा. फायटर. निळा, करंगळीएवढा, आणि नाव काय, तर पैलवान! ती शिकायला परगावी निघाली, एक पाय गाडीत, एक पाय बाहेर, आणि म्हणते, 'बाबा, पाणी पंचवीस अंश. कमी नको, जास्त नको. थंडीने मासा मरत नाही, चढउताराने मरतो. सांभाळाल ना?' डोळ्यांत पाणी! तिच्या हो, माझ्या नाही... बरं, माझ्याही. म्हटलं, 'तू जा बिनधास्त, सुट्टीला येशील तेव्हा पैलवान दारात उभा असेल!' आता मासा दारात कसा उभा राहील? पण बापाचं तोंड, काय वाट्टेल ते बोलून जातं.

गाडी वळणाआड जाते न जाते तोच आमची ही म्हणाली, 'ती काचेची टाकी गॅरेजमध्ये ठेवा.' म्हटलं, 'अगं, तिथे गारठा...' तर म्हणे, 'तिची बुडबुड ऐकली की मला सारखं उठावं लागतं. गॅरेजमध्ये!' संपलं. अपील नाही.

आणि आमचं गॅरेज! पत्र्याचं दार, खाली चार बोटं फट, आणि त्या फटीतून वारा असा रुबाबात आत येतो, जणू त्याच्या बापाचंच गॅरेज! आमची गाडी काढली रस्त्यावर, टाकी ठेवली आत, पाण्यात सोडला हीटर. काचेची नळी असते हो, पण काय गुणी! पाणी गार झालं की आपोआप चालू, तापलं की आपोआप बंद. कुणी सांगायला नको, ओरडायला नको. असा गुणी प्राणी आमच्या घरात दुसरा नाही!

त्याच्या शेजारीच, अगदी चिकटून, मी थर्मामीटर लावला. पंचवीस! सकाळी पंचवीस, संध्याकाळी पंचवीस! लेकीचा फोन आला की 'हॅलो' नाही, 'बाबा, कसे आहात' नाही, थेट, 'पाणी किती?' मी छाती काढून, 'पंचवीस!' पण पैलवान मात्र कोपऱ्यात. पर मिटलेले, खाणं तसंच तरंगतंय. म्हटलं, आठवण येत असेल त्याला तिची. मीसुद्धा तसाच बसत होतो की, दुसऱ्या कोपऱ्यात!

मग एकदा ही झाडू न्यायला आली आणि आंघोळीचं पाणी बघावं तशी बोटं बुडवली. 'अहो, गार आहे की!'

'पंचवीस आहे!'

'मग त्या थर्मामीटरलाच घाला आंघोळ! शेगडीला पाठ लावून बसलाय तो, त्याला कसली थंडी?'

काढला तो आणि लावला दुसऱ्या टोकाला... एकोणीस! पायाखालची जमीनच सरकली. पोराला आठवण-बिठवण काही नाही, पोर गारठलंय! आता एकदम तापवावं, तर तेही नाही, कारण थंडीने मासा मरत नाही...! म्हणून अगदी हळूहळू. बुडबुड्यांची नळी हीटरखाली, म्हणजे पाणी फिरेल. तीन बाजूंना थर्माकोल, वर गाडीचं कव्हर, त्यावर माझी रजई. नाव पैलवान आणि अंगावर रजई! फटीत माझ्या जुन्या पँटी कोंबल्या. दारावर जाड पडदा हिनेच शिवला. आणि बघता बघता दोन्ही टोकांना पंचवीस! पैलवान काचेशी आला, पर फुलवले आणि माझ्यावर असा धावून आला म्हणता... अहो, भरून आलं मला!

पण सुख टोचतं ना! गॅरेज झालं घरातली सगळ्यात उबदार खोली. आधी सासरे आले. 'जावईबापू, जरा मासा बघतो.' येताना खुर्ची, उशी आणि ट्रान्झिस्टर! मग ही आली भाजी निवडायला. आणि म्हणते काय, 'बुडबुड ऐकायला किती छान वाटते, नाही?' मी म्हटलं, 'नाही म्हणायची काय बिशाद माझी?' एवढं होईतो पाणी सव्वीस... सत्तावीस! हीटर केव्हाच बंद, ही माणसंच पाणी तापवतायत! फोनवर लेक किंचाळली, 'बाबा, चढउतार! खोलीतलं एक माणूस कमी करा!'

कुणाला कमी करू? सासऱ्यांकडे पाहिलं, ते त्याच क्षणी घोरायला लागले. हिच्याकडे पाहिलं, तर म्हणे, 'मी कशी उठू? त्याला आता माझ्याच हातून खायची सवय झालीय!' उरलं कोण?

म्हणून हा मी, गाडीत. पण वाईट नाही हो. गॅरेजच्या झरोक्यातून आतला उजेड दिसतो, ट्रान्झिस्टर ऐकू येतो, पैलवान पोहतोय, आणि परवा लेक येतेय सुट्टीला. आणखी काय पाहिजे माणसाला? फक्त ती आली की आत आणखी एक माणूस वाढणार, म्हणजे माझा मुक्काम गाडीतच... थांबा, हाक आली.

'अहोऽऽ, चोवीस झालं! या आत!'

बघा! पाणी गार झालं की मी आत, तापलं की बाहेर. मघाशी म्हटलं ना, असा गुणी प्राणी घरात दुसरा नाही? चुकलं माझं. आहे एक... आलो गं, आलो!