घोंगडीत गुंडाळलेली बॅटरी

मी, कुन्झेस आंगमो, नवऱ्याचे नाव पुंचोक टुंडुप, वय ३८ वर्षे, धंदा शेती व घरी पाहुणे ठेवणे, राहणार साक्ती, जिल्हा लेह, आज चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी नवरा व सासू यांच्यासह राहते. नवऱ्याची स्वतःची टॅक्सी आहे. हिवाळ्यात हिमबिबट्या बघायला येणाऱ्यांना तो फिरवतो. बिबट्या दिसो न दिसो, गाडी मात्र सकाळी सुरू व्हावीच लागते.

आमच्याकडे कडाक्याच्या दिवसांत गाडीची बॅटरी रात्री गाडीत ठेवत नाहीत. थंडीने ती मरते. संध्याकाळी काढून स्वयंपाकघरात शेगडीपाशी आणतात व सकाळी परत जोडतात. सगळ्या गावाची हीच रीत आहे. आमच्या घरी बॅटरी आंबवलेल्या कणकेच्या शेजारी असते. कणीक फुगावी म्हणून सासूबाई तिच्यावर पांघरूण घालतात, तसे त्या बॅटरीवरही घालू लागल्या. नवरा आईला हसून म्हणायचा, "आमा-ले, ही काय बाळंतीण आहे का?" त्यावर त्या म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा गुणाची आहे. पांघरूण लाथाडत नाही." इंजिन सुरू होईपर्यंत घोंगडी काढायची नाही, असा त्यांचा दंडक होता व नवरा तो पाळत असे.

गॅरेजवाला इशे ग्यात्सो यास काल दुपारपासून चौकीत बसवून ठेवलेले आहे. माझे दीर व टॅक्सीवाले यांचे म्हणणे असे की, त्याने वायरिंग बिघडवले म्हणून बॅटरी फुटली. त्याबाबत मला माहीत आहे ते सांगते.

गेल्या आठवड्यात बॅटरी जोडताना रोज ठिणगी पडू लागली, म्हणून नवऱ्याने इशेला घरी बोलावले. मी अंगणात शेण्या रचत होते. इशेने किल्ली काढून घेतली, पंखा, बत्त्या, गाणी सगळे बंद केले व काळी वायर टेकवून पाहिली. ठिणगी पडली. मग त्याने गाडीभोवती फेरी मारली. मागच्या दाराच्या फटीत बर्फ धरला होता. दार लागल्यासारखे दिसत होते पण लागत नव्हते, त्यामुळे आतला दिवा जळत राहत होता. इशेने बर्फ खरवडून दार लावले. पुन्हा वायर टेकवली तेव्हा ठिणगी पडली नाही. त्याने एकही नवीन वायर घातली नाही व जुनी तोडली नाही.

जाताना तो नवऱ्याला म्हणाला, "जोडायच्या आधी दारं बघत जा. आधी लाल, शेवटी काळी. काढताना उलटं. आणि चार्जिंगला लावलीस की हिला असं कोंडू नकोस, बाबा. हिच्यातून गॅस निघतो, ठिणगीनं भडकतो. घोंगडी काढ, वारा लागू दे, मग जोड."

नवरा म्हणाला, "आमा-लेला तूच सांग. मी सांगितलं तर म्हणेल, मोठा शहाणा झालास."

इशे म्हणाला, "मी नाही बुवा. मागं मी तिच्या खाऱ्या चहात मीठ कमी आहे म्हणालो, तर वर्षभर चहा नाही दिला."

दोघे हसले. मीही हसले. सासूबाई तेव्हा गोठ्यात होत्या. पुढे त्यांना कोणीच काही सांगितले नाही.

परवा मंगळवारी नवऱ्याला विमानतळावरून पाहुणे आणायचे होते. बॅटरी उतरली होती म्हणून आदल्या संध्याकाळपासून ती स्वयंपाकघरात चार्जरला लावलेली होती. त्या रात्री थंडी फार होती. सासूबाईंनी घोंगडी दुहेरी करून गुंडाळली व वरून दोरी बांधली. सकाळी नवऱ्याने चार्जर काढला व बॅटरी तशीच उचलून गाडीत नेऊन ठेवली. मी चहाचा थर्मास घेऊन मागे गेले. त्याने घोंगडीचे टोक तेवढे बाजूला करून लाल वायर बसवली. मग काळी टेकवली. मागचे दार पुन्हा लागलेले नव्हते. आतला दिवा जळत असलेला मी नंतर पाहिला. ठिणगी मी पाहिली नाही. आवाज ऐकला.

बॅटरी फुटून ॲसिड उडाले. नवरा दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला. "पाणी," एवढेच म्हणाला. बाहेरचा नळ गोठलेला होता. शेगडीवरचे पाणी उकळत होते. मी हंड्यावरचा बर्फ लाटण्याने फोडला व तांब्याने पाणी ओतत राहिले. त्याच्या भुवयांवर पाणी गोठत होते. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला लेहच्या इस्पितळात नेले. उजवा डोळा गेला आहे. डाव्याबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

मला रडू आले नाही. अजूनही येत नाही. घरी कणीक फुगून भांड्याबाहेर आली होती, ती मी काल गाईला घातली.

इस्पितळात नवरा शुद्धीवर आहे व बोलतो. इशेला धरल्याचे कळल्यावर तो म्हणाला, "त्याचा काही संबंध नाही. तू जाऊन सांग." मी म्हणाले, "मग घोंगडीचं सांगावं लागेल." तो म्हणाला, "सांग. पण आमा-लेला कळू देऊ नकोस. ती जगायची नाही." न सांगावे तर इशे अडकतो आणि सांगावे तर म्हातारी मरते, अशी ही गोष्ट आहे. दोन्ही कसे सांभाळायचे ते नवऱ्याने सांगितले नाही.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, घोंगडी माझ्या सासूने बांधली. मायेने बांधली. इशेने धोक्याची सूचना अगोदरच दिली होती. माझी त्याच्याविरुद्ध वा कोणाविरुद्धही तक्रार नाही. त्यास सोडावे.

सासूबाई घरी थांबायला तयार नव्हत्या, त्या माझ्याबरोबर आल्या असून बाहेर बाकावर बसल्या आहेत. थंडीनेच बॅटरी फुटली असे त्या धरून आहेत. जबाब चालू असताना त्यांनी दार उघडून मला विचारले, "लिहिलंस ना, मी नीट बांधली होती म्हणून? नाहीतर म्हणतील, यांच्या घरात बॅटरी उघडी टाकतात."

मी म्हणाले, "लिहिलंय, आमा-ले."

"दोन घोंगड्या घालायला हव्या होत्या. माझंच चुकलं," असे म्हणून त्यांनी दार ओढून घेतले. दार नीट लागत नाही.

जबाब लडाखीत मोठ्याने वाचून दाखवतात, असे हवालदार म्हणाले. सासूबाईंना लडाखीखेरीज दुसरी भाषा समजत नाही. म्हणून मी हा जबाब हिंदीत दिला व माझ्या विनंतीवरून तो मला हिंदीतच, हळू आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.