वस्तादांचे पाच जोर

मंडळी, आजच्या कीर्तनात एकच विचारतो. जे पूर्वी भरपूर जमायचं आणि आता थोडंच जमतं, ते थोडं करावं — की लाजेपोटी सोडून द्यावं? हां, खांबाला टेकून बसलेत त्यांनीही ऐका!

एका गावात दौलू वस्ताद होते. तालमीचे गुरू. रोज हजार जोर काढणारा माणूस! पोरांना सांगायचे, "हजाराच्या आत थांबला, त्यो व्यायाम न्हवं, आळस देणं." गाव तेच ऐकत मोठं झालं. पुढं वस्तादांचं वय झालं, कंबर धरली, हजार होईनात. मग काय केलं त्यांनी? पाचशे काढले? शंभर? छे — बंद! बारा वर्षं तालमीची पायरी चढले नाहीत. जीव तिकडंच, पण पोरांनी आपले थोडे जोर बघावेत, ही लाज मोठी. डॉक्टर म्हणाले, निदान चाला. तर म्हणाले, "शेळी बी चालती की."

अशात त्यांच्या बायकोचा, सगुणाबाईंचा खांदा आखडला. स्वतःचा अंबाडा बांधता येईना. तो बांधून घ्यायला रोज सुनेपुढं बसायचं, हे बाईला सोसवेना. दवाखान्यातल्या मुलीनं व्यायाम दिला — भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दिवसाला दहा वेळा.

वस्ताद हसले. "ह्याला व्यायाम म्हणत्यात?"

"तुमी गप बसा नि मोजा," बाई म्हणाल्या.

मोजायला बसले. चौथ्याच वेळेला बाईंच्या डोळ्यांत पाणी. पण दहा पुरे केले! दुसऱ्या दिवशीही दहा. वस्तादांचं हसू गेलं. आठवड्यानं तेच मागून सांगू लागले, "श्वास कोंडू नगं. सावकाश सोड." अहो, ज्यानं पन्नास पैलवान घडवले, त्याला कळलं — असा जिद्दीचा पठ्ठा आपल्याला कधी मिळालाच नव्हता! तीन महिन्यांनी बाईंनी दोन्ही हात मागं नेऊन अंबाडा बांधला. दारात उभ्या वस्तादांचा ऊर अभिमानानं भरून आला.

"आता तुमचं काय?" बाईंनी विचारलं.

त्याच सकाळी वस्ताद तालमीत गेले. सदरा काढला, लाल माती कपाळाला लावली. एक. दोन. पाचवा कसाबसा काढला आणि वस्ताद उठले.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक पैलवान हळूच म्हणाला, "किती झाले, वस्ताद?"

मंडळी, ह्याच प्रश्नाला भिऊन माणूस बारा वर्षं घरी बसला होता! वस्तादांनी छाती काढली आणि अख्ख्या तालमीला ऐकू जाईल असं सांगितलं, "पाच. उद्या सहा."

आता तुमचं बोला! शाळेतल्या कबड्डीच्या गोष्टी मला किती वर्षं ऐकवणार? आणि माझं काय वेगळं आहे — हे पोट बघा, वीणा आपोआप टेकते! उद्या सकाळी मी ह्या देवळाच्या पायऱ्या पाच वेळा चढणार. पाचच. बरोबर कोण येतं? करा हात वर. मागचे, तुम्हीसुद्धा. आता दुसराही हात वर घ्या, आणि लाज सोडून म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!