सात वाजताचे स्मारक

जबाब. दि. ११/०७/२०२५, शुक्रवार, दुपारी १२.१० वा.

मी, सुभाष विनायक आठल्ये, वय ५७ वर्षे, धंदा वार्ताहर (स्थानिक साप्ताहिक), त्याआधी बावीस वर्षे शाळेत संस्कृतचा शिक्षक, राहणार नवघर, भाईंदर पूर्व, दुसरा मजला, घरात एकटाच. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

माझी तक्रार एका काळ्या डब्याबद्दल आहे. लांबी साधारण एक वीत, पुढे हिरवा दिवा, वर धूळ. केबलचा सेट टॉप बॉक्स म्हणतात तो. हा डबा बुधवार दि. ०९/०७/२०२५ रोजी माझ्या गैरहजेरीत माझ्या घरातून हलवण्यात आला आणि त्याच्या जागी इंटरनेटवर चालणारा एक लहान पांढरा डबा ठेवण्यात आला. नवीन डबा दिसायला सुबक आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

काल गुरुवारी सकाळी मी या ठाण्यात लेखी अर्ज दिला. त्यात मी लिहिले होते की, ‘माझ्या दिवंगत पत्नीचे स्मारक माझ्या परवानगीवाचून हलवण्यात आले असून ते पूर्ववत बसवून मिळावे.’ या वाक्यावरून काल सायंकाळी सव्वापाच वाजता एक गाडी आणि पाच पोलीस आमच्या इमारतीत आले. वॉचमनने त्यांना आवारातला सिमेंटचा बाक दाखवला, कारण आमच्याकडे ‘कै.’ असे लिहिलेली तेवढी एकच वस्तू आहे. बाक जागेवर आणि अखंड होता. त्याचा फोटो घेतला गेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यातच गाठून विचारले, की स्मारक उभारताना कमिटीची परवानगी घेतली होती का.

यात पोलिसांची चूक नाही. स्मारक हा शब्द मी धात्वर्थाने वापरला. स्मृ धातूचे प्रयोजक रूप, त्याला ण्वुल् प्रत्यय. आठवण करून देणारे ते स्मारक. केबलच्या डब्यात जी सोय असते, तिला सगळे रिमाइंडर म्हणतात. माझ्या घरात तिला स्मारक म्हणत. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार संजना मॅडम यांना मी हे समजावून सांगितले. त्या उत्तनजवळच्या चौक गावच्या आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, ते सगळं ठीक हाय. पुतळा हाय का न्हाय?” नाही, असे मी सांगितले. कोणताही पुतळा, फलक, चबुतरा नव्हता व नाही, अशी नोंद घ्यावी.

माझी पत्नी सौ. उर्मिला हिला संध्याकाळी सातची एक मालिका बघण्याची सवय होती. सातला ती स्वयंपाकघरात असे आणि मी बाहेर बातम्या लावून बसलेला असे. मालिका चुकू नये म्हणून ती डब्यात स्मारक लावून ठेवी. सातला एक मिनिट कमी असताना पडद्याच्या तळाशी निळी पट्टी येई, आणि सात वाजता चॅनल आपोआप बदलून तिची मालिका सुरू होई. बातमीदार कुठल्या वाक्यावर आहे, याचा विचार डबा करत नसे. या विषयावर आमचे वाद होत. शब्द मीच तिला दिला होता. त्यावर ती एकदा म्हणाली होती, “अहो, स्मारक मेलेल्यांचं असतं. मी अजून पोळ्या करतेय.”

ती दि. ०९/१०/२०२४ रोजी, बुधवारी, सकाळी गेली. कारण दाखल्यावर लिहिलेले आहे.

तेराव्यानंतर पाहुणे परतले. दि. २२ ऑक्टोबर, मंगळवार, या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी टीव्ही लावला. बातम्या चालू होत्या. सातला एक मिनिट कमी असताना निळी पट्टी आली आणि सात वाजता चॅनल बदलले. मी रिमोट हातात घेतला होता, तो खाली ठेवला.

तेव्हापासून रोज, रविवार सोडून, सात वाजता असे होत आले आहे. मी ती मालिका बघतो असे म्हणता येणार नाही. ती चालू असते आणि मी तिथे असतो. त्यातल्या धाकट्या सुनेला अजून घरात घेतलेले नाही. महानगरपालिकेच्या सभा लांबल्या तर मी साडेसहाला उठतो. याबद्दल आमच्या संपादकांनी मला दोनदा टोकले आहे.

हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते म्हणून मी सांगितले नाही. माझी मुलगी रसिका हिला माहीत होते, कारण ती दोन-तीनदा सातच्या वेळेला घरी होती. ती काही बोलली नव्हती.

रसिका आणि जावई पराग हे हाटकेशला राहतात. गेले दोन महिने केबल ठेवावी, डिश घ्यावी की इंटरनेटवर जावे, यावर आमच्या घरी शास्त्रार्थ चालू होता. इंटरनेटच्या बाजूने पराग उभा राहिला. एकाच तारेत फोन, टीव्ही, सगळे येते. जे हवे ते हवे तेव्हा दिसते. केबलवाल्याच्या मागे लागावे लागत नाही. डिशच्या बाजूने आमच्या शेजारीण आशाबेन होत्या. त्यांच्या गच्चीवर अकरा वर्षे छत्री आहे. त्या म्हणाल्या, “भाई, बारिश में थोडा सिग्नल जाता है, पण कुणाच्या उपकारात नाही. आपलं ते आपलं.” केबलच्या बाजूने केबलवाला दत्ताराम. तो मूळचा रत्नागिरीकडचा, नवघर नाक्याजवळ त्याचे ऑफिस आहे. त्याने फार बाजू मांडली नाही. चहा पीत एवढेच म्हणाला, की तार तुटली तर मी जिना चढून येतो. कंपनीवाला येतो का ते बघा.

मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला, की नव्या व्यवस्थेत सात वाजताचे काय. आशाबेन म्हणाल्या, नवा डबा येईल, त्यात नव्याने लावावे लागेल. दत्ताराम म्हणाला, आहे तसेच चालू राहील. परागने फोनवरून मान वर केली आणि सरळ मनाने सांगितले, “बाबा, त्यात सात वाजतच नाहीत. मालिका तिथेच पडलेली असते. पाहिजे तेव्हा बघायची.” मी निकाल राखून ठेवला.

बुधवारी मी दुपारी तीन ते सहा महानगरपालिकेत होतो. रसिकाकडे घराची किल्ली असते. ती आणि पराग येऊन, इंटरनेटवाल्याकडून नवे कनेक्शन बसवून घेऊन, जुना डबा दत्तारामच्या ऑफिसात जमा करून गेले. मी ६.४० ला घरी पोहोचलो. फ्रिजवर चिठ्ठी होती, ‘बाबा, सरप्राईज. रिमोटवर माइकचं बटण आहे, नुसतं बोला.’ सात वाजले. पांढऱ्या डब्याने बरेचसे रंगीत चौकोन दाखवले आणि कोण बघतंय असे विचारले. सव्वासातला मी टीव्ही बंद केला.

यानंतर मी अर्ज लिहायला बसलो. रागाने लिहिल्यामुळे भाषा जड झाली, हे मान्य.

आज सकाळी दहा वाजता संजना मॅडम आणि मी दत्तारामच्या ऑफिसात गेलो. कोपऱ्यात परत आलेल्या डब्यांचा ढीग होता, तीस-चाळीस तरी असतील, सगळे सारखेच. माझा कोणता ते मला ओळखता आले नाही. दत्तारामने वहीतला नंबर काढून डबा शोधला आणि ऑफिसातल्या टीव्हीला जोडला. स्मारकांची यादी उघडली. तिच्यात दोनच नोंदी राहिलेल्या होत्या. आज सात आणि उद्या सात.

मी म्हटले, बघा, उर्मिलाने लावलेले अजून आहे. मॅडमनी मान हलवली. दत्तारामने वहीतली नोंद पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाला, “सर, एक सांगू का. हा बॉक्स वहिनींनी बघितलेलाच नाही.”

त्याचे म्हणणे असे. जुना डबा खराब झाल्याची तक्रार मी फोनवर केली होती. तो दि. ०४/०३/२०२५ रोजी स्वतः जिना चढून आला आणि त्याने डबा बदलून दिला. त्याची पावती त्याने फायलीतून काढून दाखवली. पावतीवर सही माझी आहे. सहीखाली ‘फाल्गुन शु. ५’ असे लिहिले आहे. सहीखाली तिथी घालणारा माणूस दोन्ही भाईंदरांत दुसरा असेल असे मला वाटत नाही. अक्षरही माझेच. दत्ताराम आल्याचे मला आठवत नाही. डबा बिघडल्याचे मला आठवत नाही.

पुढे त्याने असेही सांगितले, की अशा डब्यात कार्यक्रमांची यादी आठवड्यापुरतीच दिसते. जुन्या डब्यातही तसेच होते. म्हणजे कायमचे असे काही लावता येत नाही. दर आठवड्याला रिमोट घेऊन सोमवार ते शनिवार, एकेक दिवस उघडून, सहा वेळा लावावे लागते. त्याला दहा मिनिटे लागतात. माझ्यासारख्याला चष्मा लागतो. दत्ताराम म्हणाला, वहिनी रविवारी दुपारी लावायच्या. एकदा त्यांना जमेना तेव्हा त्यानेच फोनवर सांगून करून घेतले होते.

याचा अर्थ मी तिथे खुर्चीवर बसून काढला. ती गेली त्या आठवड्यातले बुधवार ते शनिवार तिने लावलेले असू शकतात. २२ ऑक्टोबरचा मंगळवार तिने लावलेला असू शकत नाही. त्यानंतरचे सदतीस आठवडेही नाहीत.

मॅडमनी विचारले की घराची किल्ली आणखी कोणाकडे असते. फक्त रसिकाकडे. मी तिथूनच रसिकाला फोन लावला आणि डबा सापडल्याचे सांगून, जाता जाता विचारल्यासारखे विचारले, की आईच्या मालिकेचे स्मारक ती लावत होती का. ती म्हणाली, “मी? मला तो रिमोट कळतसुद्धा नाही, बाबा. मला वाटलं तुम्हीच लावताय, आईसाठी. म्हणूनच तर काढला. नऊ महिने झाले आता.” मग तिने विचारले, “तुम्हीच लावता ना?”

मी हो म्हणालो. मॅडम समोर होत्या. त्यांनी ते ऐकले आहे.

डबा हलवल्याची माझी तक्रार मी मागे घेतो. रसिका आणि पराग यांनी जे केले ते माझ्या काळजीपोटी केले, त्यांच्याविरुद्ध काही कारवाई नको. सेक्रेटरींना ठाण्यातून एवढे कळवावे की बाकाबद्दल कोणतीही तक्रार नव्हती.

मॅडमनी विचारले, की डबा घरी नेणार का तिथेच जमा ठेवणार. याचे उत्तर द्यायला मला वेळ लागला, म्हणून ते इथे लिहावे. इंटरनेटच राहू दिले तर सात वाजता काही होणार नाही, आणि दर रविवारी माझ्या घरात काय होते हे मला कधी कळणार नाही. केबल परत जोडली तर परवा रविवार आहे. सोमवारी सात वाजता पट्टी आली, तर ती मीच लावलेली असेल. कारण घरात दुसरे कोणी नसते. मी बराच वेळ इंटरनेटच्या बाजूने विचार करत होतो.

डबा मी घरी नेतो आहे. रविवारी सकाळपासून माझ्याकडे येऊन बस, असे मी रसिकाला सांगणार आहे. का, ते तिला अजून सांगितलेले नाही. मघाशी तिला हो म्हणालो, ते खरे की खोटे हे मला सांगता येत नाही. डबा कोणी नेला याची मला काळजी नव्हती, असे आता वाटते. दुपारी दहा मिनिटे चष्मा लावून मी सहा वेळा बटण दाबतो आणि संध्याकाळी मला वाटते की ते तिने केले, याची मला भीती वाटते. आणि असे मी आणखी काय काय करत असेन, ते मला माहीत नाही.

हा जबाब संजना मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. शब्द माझेच आहेत व मी सांगितले तसेच उतरले आहेत. त्यातली मार्चची तारीख दत्तारामच्या कागदावरून घेतली आहे. माझ्या आठवणीवरून घेऊ नये, असे मीच सांगितले.

सही/-
सुभाष विनायक आठल्ये
आषाढ कृ. १