रावजी मुकादमाची साक्ष

आमी मूळचे घाटावरचे, जुन्नराकडचे पाथरवट. बाप दगड घडवायचा, म्याबी तेच शिकलो, दुसरं काय येतंय आमाला. कल्याणच्या खाडीवर रेल्वेचा पूल व्हत व्हता, तवा ठेकेदारानं उचल दिली न् कागदावर अंगठा घेतला. पूल पुरा हुईस्तवर काम सोडायचं न्हाई, असं त्यात लिवलेलं. आता वाचतंय कोन, तुमीच सांगा मास्तर.

मग गावाकडनं सांगावा आला, बायकोचे दिवस भरलेत, अंगात ताप हाय, लवकर ये. म्या रावजी मुकादमाकडं गेलो. लई तोंडाळ मानूस, शिवी दिल्याबिगर बोलायचा न्हाई, पर म्हनाला, जा रे गाढवा, हितं काय बघत बसलास. छिन्नी-हातोडा अर्ध्या घडवलेल्या दगडापाशीच ठेवून म्या निघालो. बायको वाचली, पोरगी झाली, आन् पाचव्या दिवशी शिपाई दारात. उचल घिऊन पळाला, अशी ठेकेदारानं फिर्याद केलेली. तवाचा कायदाच तसा, उचल घिऊन काम सोडलं की कामकरी गुन्हेगार. उचल तर कवाच खाऊन झालेली, परत कुठनं देनार, म्हंजे तीन महिने तुरुंग. घरात ओली बाळंतीन टाकून म्या शिपायासंगं निघालो.

ठान्याच्या कचेरीत साहेबानं इचारलं, ह्येला रजा कुनी दिली. ठेकेदारानं तर ताकीद दिलेली, कुनालाबी सोडायचं न्हाई. रावजी नुसतं ठाऊक न्हाई म्हनला असता तरी त्येची नोकरी राहिली असती. पर त्यो फुडं आला न् म्हनाला, म्या दिली साहेब, आन् पळनारा पाथरवट हत्यारं मागं टाकून जातो व्हय, त्येच्यावर तर त्येचं पोट हाय. साहेबानं मला सोडलं, कामावर परत जा म्हनाला. रावजीला ठेकेदारानं त्याच दिवशी काढलं.

म्या पूल पुरा केला. मग ठाकुर्लीच्या कामाला मानसं गोळा करायला दुसरा ठेकेदार आला, तवा आमी बारा पाथरवट त्येच्या म्होरं बसलो. म्हनलं, अंगठा देतो, पर आदी कागदावर लिवा, मुकादम रावजीच. त्यो चिडून गेला, न् चार दिसांनी परत आला. लिवलं त्येनं. आमच्या सांगन्यावरनं कागदावर काय लिवलं गेलं, ते जल्मात तेवढंच.

आता रावजी थकला, त्येला मागंफुडं कुनी न्हाई, माज्याच ओसरीवर असतो. पोरं म्हनतात, बा, ना नातं ना गोतं, किती दिस सांभाळायचं ह्येला. म्या म्हनतो, देव ठेवील तितके दिस. आन् ताट आदी त्येला वाढा, मग मला.